फाल्यां

बटण दाबलं की लेथ घुमायचा, फिरायचा नाही.
घशात माशाचा काटा अडकलेल्या माणसासारखा
तेवढाच एक स्वर धरून बसायचा.
मग मी डाव्या तळव्यानं चकाला ढकलायचो
आणि तो निघायचा, कुरकुरत,
चढणीला लागलेल्या टिपरसारखा.
आधी फक्त पावसाळ्यात. मग दिवाळीपर्यंत.
आता रोज.

डिचोलीच्या बगलरस्त्याला आमचं वर्कशॉप.
खाणी चालू होत्या तेव्हा दिवसाला चाळीस पिना निघायच्या इथून,
पत्र्यावरची तांबडी धूळ अजून त्याच काळातली.
आता येतात ते पंपाचे शाफ्ट,
देवळातल्या समईचे झिजलेले आटे,
कुणाच्या तरी खोबरं किसायच्या मशीनचा दांडा.

दोष द्यायला जागा पुष्कळ होत्या.
वीज खातं. दमट हवा. स्टार्टर.
मोटर दोनदा म्हापशाहून बांधून आणली.
आणि इनासला, आमच्या वायरमनला,
सगुणबाबनी इतक्यांदा झापलं
की एका सोमवारी तो आलाच नाही.
बार्जवर लागला म्हणे.
पिवळ्या मुठीची पकड तेवढी इथं विसरला.
आज तीच माझ्या हातात आहे.

मीटरनं सकाळीच सांगितलं होतं:
स्टार्टरपर्यंत तीन फेज, मोटरपाशी दोन.
वाटेत कुठेतरी एक जण गळत होता.
मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले.
ही इनासचीच शिकवण,
फळीवरचे फ्यूज कुणीही परत लावतो, बाबा,
खिशातले लावायला आधी तुला विचारावं लागतं.

वाट म्हणजे मशीनखालचा चर.
जुनं ऑइल, बिडाचा चुरा, हरवलेला दहाचा पाना.
प्रचिती, आयटीआयची पोर, पोटावर झोपून टॉर्च धरते.
"मेस्त, इथे काहीतरी लाल आहे."

लाल.
टेप नव्हती ती.
सायकलच्या ट्यूबची पट्टी, घट्ट गुंडाळलेली,
आणि तिच्यावर अजून चिकटून
पंक्चरचं ठिगळ,
ज्याचा एक कोपरा, कात्री नव्हती म्हणून,
मी दातांनी तोडला होता.

चवथीच्या आदल्या रात्रीचं काम.
माटोळीचं सामान कॅरियरला बांधलेलं, तोरिंगण, सुपाऱ्यांचा घड,
आणि चित्त तिकडे.
तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार,
नुसता पीळ, वर रबर.
"नीट करतलो मरे?" सगुणबाबनी दारातून विचारलं.
मी म्हटलं, फाल्यां.

फाल्यां म्हणजे उद्या.
आमच्याकडे तो एकोणीस वर्षं टिकतो.

रबर सोलताना आत पांढरी भुकटी,
तांबं हिरवं पडलेलं,
आणि एक केसाएवढी तार
तेवढी एकटीच सगळं ओढत होती.
"कोणी केलंय हे असलं?" प्रचिती विचारते.
मी तार खरवडतो.
चकचकीत होईपर्यंत खरवडतो,
आणि त्यानंतरही.

मग सांगतो.
टॉर्च जराशी हलते.
"आणि ओरडा त्या पकडवाल्याला?"
चरात आमच्या दोघांचा श्वास तेवढा ऐकू येतो.

"सगळी केबलच बदलूया, मेस्त."
तो शब्द ओठांपर्यंत आला होता. गिळला.
तिला बाजारात पिटाळलं, बिल उधारीवर.
लग तिनंच दाबले,
ओढून पाहिले, परत ओढून पाहिले,
मी न सांगता.

सहा वाजून गेले. खिशातले फ्यूज कोमट झालेले.
बटण तिनं दाबलं.
चक फिरला, एकदम,
कुणीही न ढकलता,
आणि माझा डावा तळवा
अर्ध्या वाटेवर पोचला होता.
तो मागे घेऊन मी शर्टाला पुसला.

पकड मात्र पेटीत नाही ठेवली.
आमोण्याच्या धक्क्याला बार्ज कधी लागतात,
कुणाला बरं विचारावं.